कालव्यावर आलेल्या पहिल्या पिढीची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबा सासवडहून गोदावरीच्या उजव्या कालव्यावर, राहात्याच्या बाजूला, ऊस करायला आले. वस्तीला शंभर वर्षं होऊन गेली. आता पहिल्या कुटुंबांची नावं कोरलेला स्तंभ उभारायचा आणि स्मरणिका काढायची असं ठरतंय, पण नावं कोणती घ्यायची आणि कोण आधी आलं यावरच भांडणं सुरू झाली आहेत. घराघरात जुने कागद आहेत, त्यांचं काय करायचं हेही विचारलंय.

स्तंभ करा, स्मरणिकाही काढा, पण दोन्ही शेवटी. दगडावर एकदा नावं कोरली की पुरावा शोधायचा उत्साह संपतो. त्यानंतर एखादा कागद सापडला तरी तो कोणाला नकोसाच असतो, कारण तो कोणाच्या तरी पणजोबाचा नंबर मागे सरकवतो. नीरा, गोदावरी आणि प्रवरा या तिन्ही खोऱ्यांतल्या मळ्यांवर मी हे काम केलंय आणि भांडण सगळीकडे हेच असतं. ते मिटवायचं असेल तर ‘पहिलं कोण’ हा प्रश्न काही महिने बाजूला ठेवून ‘कोण, कुठून, कोणत्या जमिनीवर, कोणत्या अटीवर आलं’ हे विचारायला लागा. उत्तरं गोळा झाली की पहिल्या नंबराची खुमखुमी बरीचशी ओसरते.

सुरुवात साल तपासण्यापासून करा, आणि त्यासाठी कालव्याइतकं चांगलं माप नाही. नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. १८७६-७८च्या दुष्काळानंतर संरक्षक म्हणून काढलेला हा कालवा. पण बारामतीकडच्या जिरायती शेतकऱ्याला त्या पाण्याचं करायचं काय हे लगेच उमगलं नाही. बाजरीला दुष्काळी सालातच पाणी लागतं. उसाला मात्र बारमाही पाणी, शेणखत, बेणं, मजुरी आणि वर्ष-दीड वर्ष दम धरण्याइतकं भांडवल लागतं. कऱ्हाकाठच्या सासवडकर माळ्यांना विहिरीच्या पाण्यावरचा ऊस आणि गूळ दोन्ही माहीत होतं. ते खाली उतरले, स्थानिकांच्या जमिनी खंडानं घेतल्या आणि मळे उभे केले. गोदावरीचे कालवे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघतात (आज तो बंधारा पक्ष्यांसाठी जास्त प्रसिद्ध आहे). या कालव्यांना पाणी पुरवणारं दारणा धरण १९१६चं, म्हणजे तुमच्या भागात उसाला भरवशाचं पाणी १९१०च्या दशकातच आलं. प्रवरेवरचं भंडारदरा धरण पुरं व्हायला १९२६ उजाडलं.

आता वस्तीत कोणी ठामपणे सांगत असेल की ‘आमचे पणजोबा १९०२ला इथं आले’, तर त्याला खोटं पाडायला जाऊ नका. बहुतेक वेळा तो दोन स्थलांतरं एकात मिसळत असतो. कुटुंब १९०२ला सासवडहून निघून नीरेवर आलं असेल, तिथं खंडाची मुदत संपली किंवा भावकी वाढली म्हणून १९१५-२०च्या दरम्यान गोदावरीवर आलं असेल. त्यातला एक भाऊ पुढे प्रवरेवर गेला, एखादा तीसच्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला. १९३२ साली स्थापन झालेला सासवड माळी शुगर फॅक्टरी हा साखर कारखाना शेतकऱ्यांनी स्वतः उभा केला, आणि त्यामागची माणसं हीच. त्यामुळे प्रत्येक कुटुंबासाठी एकच ‘आगमनाचं साल’ लिहू नका. मुक्कामांची ओळ लिहा: गाव, साधारण साल, कोण कोण बरोबर होतं, कोणाच्या जमिनीवर. अर्धे वाद इथंच मिटतात, कारण दोघंही खरं बोलत असतात.

कागदांकडे वळू. घरात काय आहे ते पाहण्याआधी सरकारी दप्तरात काय मिळू शकतं ते समजून घ्या, म्हणजे घरात काय शोधायचं ते कळेल.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे खंडाचा करार. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो हा नियम १९०८च्या नोंदणी कायद्यातला आहे. सासवडकरांचे पट्टे अनेक वर्षांचे असत, त्यामुळे जे पक्के कागदावर झाले ते तेव्हाच्या तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेलेले असण्याची शक्यता चांगली आहे. तिथं नावांची आणि मिळकतींची सूची असते. मिळकतीच्या सूचीतून, म्हणजे गाव आणि सर्व्हे नंबरावरून शोधा. नावावरून शोधलंत तर फसाल, कारण तेव्हाचा कारकून आडनावाऐवजी नुसतं ‘वलद अमुक, जात माळी, राहणार सासवड’ असं लिहून मोकळा होई. मात्र ‘राहणार सासवड’ हे शब्दच तुमच्या कामाचे. मुक्कामांच्या ओळीतला पहिला दुवा तिथं पक्का होतो.

मग तलाठी आणि तहसील. जुन्या फेरफार नोंदी, हक्कपत्रक, पीकपाहणी. फेरफार क्रमानं वाचत जा, एखादीच नोंद उचलू नका. कूळ म्हणून आलेला माणूस आधी ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसतो, नंतर गहाणदार म्हणून, मग खरेदीदार म्हणून. तीन-चार नोंदींत एका पिढीचं चरित्र उलगडतं. काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने अभिलेख आता ऑनलाइनही पाहता येतात, तिथं आधी बघून घ्या म्हणजे चकरा वाचतील.

इथं एक खाचखळगा आहे आणि त्यात चांगले अभ्यासकही अडकतात. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कुळांना मालकी देण्यासाठी कुळकायद्याच्या कलम ३२ग खाली चौकश्या झाल्या. त्या फायलींत कुळाचे आणि मालकाचे जबाब असतात, आणि जमीन कधीपासून कोण कसत होतं हे त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणून लोक थेट तीच फाइल मागतात. पण कुळकायद्यात ऊस आणि फळबागेसाठी दिलेल्या खंडाच्या जमिनींना कलम ४३अ खाली वेगळं ठेवलं होतं. तुमच्या पणजोबांची जमीन उसासाठी घेतलेली, म्हणजे ३२गची फाइल नसण्याचीच शक्यता जास्त. फाइल सापडली नाही म्हणून ‘आपण इथं कूळ नव्हतोच, मालकच होतो’ असा निष्कर्ष काढू नका. मी हा निष्कर्ष स्मरणिकांत छापलेला पाहिलाय.

छापील साधनांत दोन गोष्टी आवर्जून बघा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरचा खंड १८८४चा आहे. त्यात तुमचे पूर्वज नाहीत, आणि नेमकं म्हणूनच तो उपयोगाचा आहे: ते यायच्या आधी हा मुलूख कसा होता, कोणती पिकं होती, विहिरी किती होत्या, हे त्यात आहे. दुसरं म्हणजे धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिणामांची पाहणी, १९४८ साली प्रसिद्ध झालेली. कालव्याखालच्या गावांची आणि कोरडवाहू गावांची तुलना, मजुरी, खर्च, उत्पन्न सगळं त्यात आहे. आजोबांच्या वहीतले आकडे तिच्याशेजारी ठेवून वाचा, मग घरातली वही बोलायला लागते. वर्तमानपत्रांत ‘दीनमित्र’ बघा. मुकुंदराव पाटलांनी १९१०मध्ये सुरू केलेलं हे सत्यशोधकी साप्ताहिक पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघत असे. शहरातल्या पत्रांना मळ्यांवरच्या माणसांची दखल नसे, या पत्राचा वाचक मात्र खेड्यातलाच होता.

आता घरचे कागद. हिशेबाच्या वह्या, खताच्या आणि पेंडीच्या पावत्या, पाणीपट्टीच्या पावत्या, गुळाच्या अडत्याच्या पट्ट्या, पत्रं, लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या. लोक मानपत्रं आणि फोटो जपतात, अडत्याच्या पट्ट्या रद्दीत घालतात. माझ्या दृष्टीनं किंमत उलटी आहे. मानपत्रात सगळे थोर असतात. पट्टीवर किती ढेपा, काय भाव, अडत-हमाली किती कापली, हातात काय उरलं, आणि माल कोणत्या स्टेशनवरून गेला, हे असतं. गुळाचा भाव पडला त्या काळातल्या पट्ट्या आणि त्याच काळातले गहाणखतांचे फेरफार एकत्र ठेवले, तर सरळ दिसतं की कोणाची जमीन का गेली. आहेराच्या यादीतून नात्यांचं जाळं मिळतं: सासवड, बारामती, कोपरगाव, बेलापूर, माळीनगर कुठं कुठं पसरलं होतं ते.

पुष्कळ वह्या मोडीत असतील. शासकीय व्यवहारातून मोडी गेली तरी घरगुती हिशेबात ती पुढे बरीच वर्षं टिकली. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि वर्गही वाढले. सगळं लिप्यंतर करून घेण्याच्या मागे लागू नका. आधी स्कॅन, मग प्रत्येक वहीतली सुरुवातीची पानं आणि जिथं नावांच्या याद्या आहेत ती पानं वाचून घ्या. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुलींना मोडी शिकवा, ते भाड्यानं वाचक आणण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि काम घरात राहतं.

जपणुकीचं तंत्र फार अवघड नाही. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, स्टेपलच्या आणि टाचणीच्या गंजक्या पिना हलक्या हातानं काढा. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. कागद धुतलेल्या, बिनस्टार्चच्या सुती कापडात बांधा. पेशवे दप्तरातले कागद अशाच रुमालांत टिकले. लोखंडी पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, पावसाळा सरल्यावर उघडून कसर आणि वाळवी बघा. उन्हात वाळवू नका, सावलीत पसरा. स्कॅनरवर ३०० ते ६०० डीपीआय, रंगीत, मूळ टिफ फाइल तशीच ठेवून वापरायला वेगळी जेपीजी. फाइलला नाव देताना कुटुंब, कागदाचा प्रकार, साल, क्रमांक. ‘जुने कागद नवीन २ फायनल’ असली नावं पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाहीत. मूळ कागद घरमालकाकडेच राहू द्या, तुम्ही फक्त स्कॅन मागा. मूळ मागितला की दार बंद होतं.

पण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. म्हणून वर सांगितलेल्या सगळ्या कामाच्या आधी वस्तीतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची यादी करा आणि त्यांच्याकडे आधी जा. पहिली पिढी गेली. जे आज ऐंशी-पंच्याऐंशीचे आहेत त्यांनी ती पिढी म्हातारपणी पाहिलेली आहे, गुऱ्हाळं चालताना पाहिली आहेत. ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असं विचारलं तर कष्ट, एकी आणि स्वस्ताई एवढंच मिळतं. त्यांच्यासमोर गावाचा सर्व्हे नंबरांचा नकाशा पसरा आणि बोट ठेवून विचारा: या नंबरात कोण होतं? विहीर कुठं होती? चारी कुठून यायची? पाण्याची पाळी रात्री आली तर दारं कोण धरायचं? पाटकऱ्याला काय द्यावं लागे? गुऱ्हाळ कोणाकोणात मिळून? चरक बैलांवरचा की इंजिनावरचा? गुळव्या कुठून यायचा आणि त्याला मजुरी रोख की गुळात? पुंड्या ऊस जाऊन को-४१९ हा नवा वाण कधी आला? अशा प्रश्नांनी माणूस मळ्यात परत उभा राहतो, मग न विचारलेलंही येतं.

बायकांशी वेगळं बसून बोला, घरातल्या पुरुषांना बाहेर पाठवून. मळ्यातली वस्ती गावठाणापासून लांब. गावाचा पार, देऊळ, विहिरीवरची सोबत यातलं काहीच नाही, अशा ठिकाणी सोळा-सतरा वर्षांची मुलगी नांदायला आली की तिचा दिवस कसा जाई, हे कोणत्याही फेरफारात मिळत नाही. बाळंतपणं कुठं झाली, सुईण कोणती, कालव्याच्या दलदलीमुळे हिवताप किती, गड्यांच्या भाकरी किती थापायच्या, माहेरी सासवडला वर्षातून कितीदा जाता येई. एका वस्तीवर मला पहिल्या वीस वर्षांचा कालक्रम केवळ एका आजींच्या सासूच्या बाळंतपणांवरून लावता आला. कोणतं मूल कोणत्या खोपटात आणि कोणतं दगडी घरात जन्मलं हे त्यांना तोंडपाठ होतं.

रेकॉर्डिंग मोबाइलवर चालेल, पण पंखा बंद ठेवा, मोबाइल मांडीवर नको, जवळ स्टुलावर ठेवा, आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, ती चेपली जाते. सुरुवातीलाच नाव, तारीख, ठिकाण आणि ‘हे जपून ठेवायला आणि ऐकवायला माझी हरकत नाही’ एवढं त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा. नको असलेला भाग वगळायचा हक्क त्यांना आहे हेही सांगा.

यापुढचं कदाचित तुमच्या समितीला रुचणार नाही. ‘ओसाड माळरानावर आमच्या पूर्वजांनी नंदनवन फुलवलं’ हे वाक्य स्मरणिकेच्या पहिल्या पानावर येणार हे मी आजच सांगतो. ते वाक्य काढा. माळरान ओसाड नव्हतं. तिथं बाजरी आणि ज्वारी होत होती, धनगरांच्या मेंढ्या बसत होत्या, गावाला वतनं होती, नदीकाठी भिल्ल होते. ज्या मराठा-कुणबी कुटुंबांनी जमीन खंडानं दिली त्यांचीही एक बाजू आहे: दुष्काळानं आणि सावकारीनं वाकलेला माणूस अल्प खंडावर जमीन देतो, मग त्याच बांधावर उभा राहून ऊस कसा करायचा ते शिकतो आणि मुदत संपल्यावर जमीन परत मागतो. नीरेवर हेच झालं, आणि सासवडकर पुढच्या कालव्याकडे का सरकले याचं निम्मं उत्तर त्यात आहे. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गाडगीळांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ला पहिला हंगाम घेतला, त्यामागेही कालव्यावर ऊस शिकलेल्या स्थानिक शेतकऱ्यांची ती पिढी होती.

मळ्यावर राबणाऱ्या महार, मांग, रामोशी, भिल्ल गड्यांची नावं तुमच्या कोणत्याच यादीत नसतील, पण हिशेबाच्या वहीत असतील. उचल, बलुतं, दिवाळीचं धोतर, मुलीच्या लग्नाला दिलेले पैसे या नोंदींत पूर्ण नावं सापडतात. ती यादी वेगळी करा आणि त्यांच्या नातवंडांकडे जा. त्यांच्या आठवणी तुमच्या आठवणींना छेद देतील, दोन्ही जशाच्या तशा ठेवा. शिवाय मळेवाल्यांचा खंड आणि कंपन्यांचा खंड एकात मिसळू नका. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा डहाणूकरांचा कारखाना, साकरवाडी, चांगदेवनगर यांनीही खंडानं मोठ्या जमिनी घेतल्या. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर अशा कंपन्यांच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालकांचे वारस ‘खंडकरी’ म्हणून पुढची कित्येक दशकं लढत राहिले. तुमच्या शेजारच्या गावात ‘खंड’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर हे येतं. तुम्ही तो शब्द वापराल तेव्हा कोणता खंड ते स्पष्ट लिहा.

वस्तूंबद्दल थोडंच. जुना लोखंडी चरक, काहिल, ढेपांचे साचे, मोटेची चाकं अजून गोठ्यामागे पडलेली असतील. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोहोचा. सगळं एका खोलीत मांडून संग्रहालय करायची घाई नको, कुलूप लागतं आणि दोन पावसाळ्यांत गंज चढतो. फोटो, मापं, बनवणाऱ्याचा शिक्का आणि कोणाच्या गुऱ्हाळावर होता एवढी नोंद आधी. चुलवणांच्या जागा, पहिल्या विहिरी, चाऱ्यांची नावं, समाध्या, जुनी झाडं मोबाइलवर जीपीएससह टिपा. पाणी जास्त होऊन चोपण झालेले, सोडून दिलेले तुकडेही टिपा. ऊस आला तशी खारवट जमीनही आली, आणि १९३२ला पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं त्या काळात कालव्यावरच्या शेतकऱ्याला हा प्रश्न चांगलाच भेडसावत होता.

जमवलेलं ठेवायचं कुठं? एक संच वस्तीच्या वाचनालयात, एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात, एक वस्तीबाहेर राहणाऱ्या कोणाकडे हार्ड डिस्कवर. श्रीरामपूरच्या महाविद्यालयाला रावबहादूर नारायणराव बोरावके यांचं नाव आहे, म्हणजे या भागात शिक्षणसंस्थांशी मळेवाल्यांचं नातं जुनं आहे. तिथं विचारायला संकोच नको. संस्थेला देताना लेखी द्या: काय दिलं, कोणी दिलं, कोणाला बघता येईल, काय इतक्या वर्षांनंतरच उघडायचं. गहाण, कोर्टकचेरी, दुसरं लग्न, वाटणीचे तंटे यांचे कागद सरसकट उघडे टाकू नका. त्यावरून आजही भावकीत दावे होऊ शकतात.

स्तंभावर काय कोरायचं ते आता सांगतो. क्रमांक नको, ‘आद्य’ नको. कुटुंबांची नावं आडनावाच्या अकारविल्हे, प्रत्येकासमोर मूळ गाव. खाली दुसरी यादी: ज्यांच्या जमिनींवर पहिले मळे उभे राहिले त्यांची. तिसरी: पहिल्या पिढीच्या वह्यांत सापडलेल्या गड्यांची आणि गुळव्यांची. तळाशी जागा मोकळी ठेवा, नावं सापडत राहतात. समिती तिसऱ्या यादीला तयार नसेल तर स्तंभ थांबवा आणि फक्त स्मरणिका काढा, तीत पुरवणी जोडता येते. वर्गणीदारांचे फोटो शेवटच्या पानांवर घ्या, आणि पहिलं पान त्या सर्व्हे नंबरांच्या नकाशाला द्या, ज्यावर म्हाताऱ्यांनी बोट ठेवून नावं सांगितली. नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की मिळतो. दिवाळीला बाहेरची मंडळी गावी येतात, त्याच्या आधी तो हातात असू द्या.